तुम्ही विचारलंत म्हणून: यंत्र नको, फ्रिज घ्या

इंग्लंडमधल्या डर्बीतल्या आमच्या घरी जेवायला आलेल्यांपैकी कुणीतरी गॅरेजमधला जुना फ्रिज उघडतं. आत बुडबुडणारी बादली दिसते आणि प्रश्न येतोच: "घरी बीअर करायची, तर कोणतं यंत्र घेऊ?"

माझं उत्तर एकच असतं. यंत्र घेऊ नका, फ्रिज घ्या. कुणी काढून टाकत असेल तो जुना चालेल.

का, ते सांगतो. आई नाचणीला मोड आणून, वाळवून सत्त्व करायची. त्याची पेज साध्या नाचणीच्या पेजेपेक्षा पातळ आणि गोड होते, कारण मोड येताना दाण्यात स्टार्च तोडणारी एन्झाइम्स तयार होतात. बार्लीचं माल्ट म्हणजे तेच. पाच किलो भरडलेलं माल्ट कापडी पिशवीतून ६६ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचं, पिशवी निथळायची आणि राहिलेला गोड काढा हॉप्स (एका वेलीची कडवट फुलं) घालून तासभर उकळायचा. सुरुवातीला घातलेले हॉप्स कडूपणा देतात, शेवटी घातलेले सुवास. याला नळ बसवलेलं ३५ लिटरचं विजेवरचं पातेलं पुरतं. महागडं चकचकीत यंत्रही हेच करतं, उचलाउचल तेवढी वाचते.

बीअर खरी घडते ती पुढच्या आठवड्यात. काढा २० अंशांपर्यंत निववून यीस्टचं ११ ग्रॅमचं पाकीट टाकलं, की यीस्ट साखर खाऊ लागतं आणि खाताना उष्णता सोडतं. बादलीच्या आत खोलीपेक्षा चार-पाच अंश जास्त भरतात. माझी पहिली बादली भर जुलैत जिन्याखालच्या कपाटात होती. महिन्याभराने ग्लासात नेलपॉलिश रिमूव्हरचा वास आला आणि घोट घशाला झोंबला. २३ लिटर सिंकमध्ये ओतले. फार वाईट वाटलं.

आता बादली फ्रिजमध्ये असते. बाहेर तापमान सांभाळणारा दोन सॉकेटचा कंट्रोलर आहे: एकात फ्रिज, दुसऱ्यात छोटा ट्यूब हीटर. सेन्सर बादलीच्या अंगाला चिकटवून वर फोमचा तुकडा दाबलाय, म्हणजे तो हवेचं नाही, काढ्याचं तापमान वाचतो. १९ अंश लावले की जुलै असो वा जानेवारी, यीस्ट शांतपणे काम करतं. माझ्या बीअरची चव ज्या दिवशी बदलली, तो हा दिवस.

स्वच्छतेत मात्र तडजोड नको. उकळल्यानंतर काढ्याला जे जे लागेल ते निर्जंतुक केलेलं हवं. आणि नळाच्या पाण्यात आधी अर्धी कॅम्पडेनची गोळी टाका, नाहीतर क्लोरीनमुळे बीअरला जखमेच्या औषधासारखा वास येतो. मी चमचाभर जिप्सम हा क्षारही घालतो. शेजारच्या बर्टन या बीअरसाठी प्रसिद्ध गावातल्या विहिरींच्या पाण्यात ते मुळातच भरपूर आहे, त्याने हॉप्सचा कडूपणा खुलतो. तिथली पेल एल ही फिकट रंगाची बीअर एकोणिसाव्या शतकात जहाजांनी हिंदुस्थानात जायची, हे आठवलं की तो चमचा घालताना मला बरं वाटतं.

बाटल्या भरायची घाई करू नका. हायड्रोमीटर (साखर किती उरली त्याचा अंदाज देणारी तरंगती नळी) दोन-तीन दिवस एकच आकडा दाखवेल तेव्हाच भरा. साखर उरलेली असताना भरलेल्या बाटल्या फुटतात, आणि काच डोळ्यात जाऊ शकते.

पुण्याहून फोन करणाऱ्या भावंडांना मी हे सगळं सांगतो, पण सुरू करा म्हणत नाही. ब्रिटनमध्ये १९६३पासून घरच्यापुरती बीअर करायला परवाना लागत नाही, विकता तेवढी येत नाही. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली विनापरवाना बीअर करणं गुन्हा आहे.

तुम्ही इथलेच असाल, तर फ्रिज आणि बादली बघून ठेवा. काढा निववायची तांब्याची कॉइल विकत घेऊ नका. माझी महिन्यातून एकदाच लागते, घेऊन जा.