तुम्ही विचारलंत म्हणून: निळ्या गळ्याचा सरडा गेला कुठे?

“लहानपणी माळावर निळ्या गळ्याचा सरडा दिसायचा, आता का दिसत नाही?” बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी-अथणीकडची माणसं हे हमखास विचारतात.

पुष्कळदा तो तिथंच असतो, आपली वेळ चुकते. नर गळा उघडतो तो साधारण गुढीपाडव्यापासून मृगापर्यंतच. गळ्यातलं हाड पुढं सरकतं, सैल कातडं पंख्यासारखं ताणतं आणि निळा, काळा, केशरी रंग क्षणभर दिसून मिटतात. एरवी शेपूट सोडून जेमतेम सहा-सात सेंटीमीटरचा मातकट जीव, मुरमात सहज हरवणारा. मादी तर बारा महिने मातकटच. कुंपणावरचा लाल डोक्याचा सरडा, कन्नडमधला ओतिक्यात, तो वेगळा. निळ्या गळ्याच्या सरड्याच्या मागच्या पायाला चारच बोटं असतात. २०१६ साली अशा रंगीत गळ्यांच्या सरड्यांचा स्वतंत्र वंश (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) मानला गेला आणि त्याचं शास्त्रीय नाव ठेवलं ‘सरडा’. आपलाच शब्द!

मुलांना दाखवायचा असेल तर एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊ ते अकरा या वेळात उघड्या मुरमाड उतारावर जा. वीतभर उंचीचे सुटे दगड हेरा, पाच-सहा मीटरवर खाली बसा आणि पंधरा मिनिटं हलू नका. आपली सावली दगडावर पडली की तो मागच्या दोन पायांवर पळ काढतो. भर दुपारी गेलात तर हात हलवत परत याल, तेव्हा तो झुडपाच्या सावलीत दडलेला असतो. दगड मात्र उलटू नका, खाली फुरसं किंवा विंचू असू शकतो. सरडा स्वतः विषारी नाही, आपल्याकडचा कुठलाच सरडा नसतो. त्याला दगड मारायचं काहीही कारण नाही.

काही माळांवरून तो खरंच गेलाय. माळ फोडून पाण्याखाली ऊस आला की ना ऊन खायला दगड, ना अंडी घालायला कोरडी भुसभुशीत माती. मुरूम उपसला तरी तेच. बांधावर कीटकनाशक मारलं की त्याच्या पोटाच्या मुंग्या-वाळवी मरतात. आणि सगळ्यात वाईट वाटतं ते चांगल्या मनानं केलेल्या चुकीचं: गायरान ‘पडीक’ समजून तिथं रांगेनं झाडं लावतात. सावली वाढते, गवत-दगड झाकले जातात आणि उघड्यावर जगणारा हा जीव तिथून उठतो.

पवनचक्क्यांचा परिणाम आणखी वेगळा. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावरचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. चक्क्यांजवळ शिकारी पक्षी घटले, म्हणून सरडे वाढले; पण नरांचे रंग मात्र फिके पडलेले आढळले.

गावात झाडं लावायची असतील तर घराभोवती, रस्त्याकडेला लावा. मुरमाड उतार आणि त्यावरचे दगड तसेच राहू द्या.