तुम्ही विचारलंत म्हणून: आठव्या महिन्यात तोरणमाळला का गेले?

मुलगी आता चार वर्षांची आहे, तरी प्रश्न थांबत नाही. बारशाला विचारलं, लसीच्या रांगेत विचारलं, परवा शेतात भरीत पार्टीला कपाशीच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजताना चुलत सासूबाईंनी पुन्हा विचारलं, "तुला बाई, तेव्हाच कसं सुचलं फिरायला?"

गेले, कारण मला जायचं होतं. मे महिना, जळगावात ४४ अंश, रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या. कायद्याने मिळणाऱ्या २६ आठवड्यांच्या रजेतले जास्तीत जास्त ८ बाळंतपणाआधी घेता येतात. ती रजा नुकतीच सुरू झाली होती. सातपुड्यावर, तोरणमाळला दोन दिवस गार वारा, यशवंत तलावाच्या काठी नुसतं बसणं. पुढे कित्येक वर्षं असं बसायला मिळणार नाही, हे मला कळत होतं. यात चूक काय होती, हे मला आजही कुणी नीट सांगितलेलं नाही.

आणि मी न विचारता गेले नव्हते. ३३वा आठवडा होता. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, हिमोग्लोबिन पाहिलं, सोनोग्राफीत वार वर आहे ना, पिशवीच्या तोंडावर नाही ना, हे बघितलं आणि मगच हो म्हटलं. फाइल सोबत होती. गाडीचा पट्टा पोटाखालून, दर तासाला उतरून चालणं, सगळं पाळलं. सासूबाई एवढंच म्हणाल्या होत्या, "भरल्या पोटी तापी ओलांडू नको." मी फटकन म्हटलं, "मग पलीकडच्या बायका काय करतात?" तो आवाज आठवला की अजून वाईट वाटतं.

येताना दुपारी सातपायरी घाटात पोट दगडासारखं घट्ट झालं. आधी वाटलं, बाळ फिरलं असेल. पुन्हा झालं, या वेळी कमरेतून कळ आली. नवऱ्याने घड्याळ लावलं. बारा मिनिटं, अकरा, मग नऊ. मोबाइलला रेंज नाही. घाट उतरल्यावर एका पाड्यापाशी गाडी थांबवली. झोपडीतून एक म्हातारी आली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता महूच्या झाडाखाली खाट टाकली. तांब्याभर पाणी दिलं, मला डाव्या कुशीवर वळवलं आणि तळहात पोटावर ठेवला. खरखरीत, धुराचा वास असलेला हात. पोट आवळलं की ती हात तसाच धरून ठेवायची, सैल झालं की मान हलवायची. तिची सून शेजारी बसली होती. मोडक्या मराठीत तिने सांगितलं, मागच्या पावसाळ्यात तिच्या जावेला कळा सुरू झाल्यावर बांबूच्या झोळीतून सडकेपर्यंत नेलं होतं. वरच्या पाड्यापासून, चिखलातून.

मी तिथे पडून एकच हिशेब करत होते. आत्ता बाळ झालं तर त्याला काचेची पेटी लागेल. ती कुठे आहे? शहाद्यात? धुळ्यात? किती तास? तलाव, धबधबा, खोली, जेवण, सगळं मी शोधून ठेवलं होतं. हे शोधलं नव्हतं.

दीड तासाने कळा विरळ झाल्या. शहाद्याला डॉक्टरांनी तपासलं: पिशवीचं तोंड बंद होतं. म्हणाल्या, "अंगात पाणी किती कमी आहे! प्यायला नाहीत का?" सलाइन लावली.

नव्हते प्याले. हे आजवर कुणाला सांगितलं नाही. मुद्दाम नव्हते प्याले. आठव्या महिन्यात दर अर्ध्या तासाला जावं लागतं आणि त्या रस्त्यावर बाईमाणसाने जायचं कुठे? म्हणून सकाळपासून घोट घोट घेऊन भागवलं. उन्हाने, पाणी कमी पडल्याने गर्भाशय आवळतं, हे मला माहीत होतं. तापी ओलांडल्याने काही झालं नाही, पण हे मी सासूबाईंना कोणत्या तोंडाने सांगणार होते? पाण्याचं कारण सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, म्हणूनच नको म्हटलं होतं. आणि तेही खोटं नव्हतं.

मुलगी ३८ आठवडे पूर्ण करून जळगावात झाली, सुखरूप. त्यावर "बघा, काही झालं नाही ना" असं मी बरीच वर्षं म्हणत आले. ते बरोबर उत्तर नाही. झालं नाही, कारण नऊ मिनिटांवरून पुढे सरकलं नाही. त्यात माझी काही हुशारी नव्हती.

आता नणंदेला सातवा लागलाय. परवा फोनवर विचारत होती, दोन दिवस तोरणमाळला जाऊ का? मी म्हटलं, डॉक्टरांना विचार, वाटेत काचेची पेटी कुठे कुठे आहे ते लिहून घे, आणि पाणी पीत राहा, कुठेही थांबावं लागलं तरी. ती म्हणाली, "म्हणजे जाऊ?"

नको म्हणायला तोंड उघडलं होतं. मग तो तलाव आठवला आणि म्हटलं, "निघायच्या आदल्या दिवशी मला फोन कर."