अख्ख्या रचनेत एकच सम

"तुम्ही तबला वाजवता, मग माणसाचा हातच न लागलेला तो यंत्राचा पियानो इतका जीव लावून का ऐकता?" ओळखीच्यांकडून हा प्रश्न नेहमी येतो. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

आड लय हातात बसायला मला वर्ष लागलं. टाळी बरोबरीत, बोल दीडपटीत. संगीतकार कॉनलन नॅनकॅरो यांनी या यंत्राच्या पियानोसाठी 'स्टडी' नावाच्या क्रमांकवार रचना केल्या. त्यातला छत्तिसावा पहिल्यांदा लावला तेव्हा सवयीनं टाळी धरायला गेलो आणि हात अधांतरी राहिला. सुरावट एकच, आवाज चार, त्यांच्या लयींचं प्रमाण १७:१८:१९:२०. सगळ्यात संथ आवाज आधी निघतो, सगळ्यात जलद शेवटी. मागचे पुढच्यांना गाठत येतात, मध्यावर चौघं एकत्र भेटतात आणि तिथून जलद आवाज पुढे निघून जातात. आपल्याकडे तालाचं आवर्तन फिरून ज्या पहिल्या मात्रेवर सगळे एकत्र येतात ती सम. इथे अख्ख्या रचनेत सम एकदाच! तिची वाट बघायला मला तबल्यानंच शिकवलं होतं.

नॅनकॅरो १९१२ साली अमेरिकेत आर्कन्सा राज्यातल्या टेक्सारकाना गावी जन्मले. जाझमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. स्पेनच्या यादवीत लष्करशहा फ्रँकोविरुद्ध लढायला गेले. परतल्यावर, कम्युनिस्ट म्हणून, सरकारनं पासपोर्ट नाकारला. १९४० मध्ये त्यांनी मेक्सिको सिटी गाठली आणि १९९७ मध्ये तिथेच वारले.

त्यांच्या मनातली लय वादकांच्या हातून निघत नव्हती. मग १९४७ मध्ये न्यू यॉर्कला जाऊन त्यांनी 'प्लेअर पियानो' घेतला आणि कागदाला भोकं पाडायचं हातयंत्र बनवून घेतलं. या पियानोत कागदाची गुंडाळी सरकत जाते, भोक आलं की हवेच्या जोरावर हातोडी तारेवर पडते. हातोड्यांवर चामडं आणि धातू बसवून त्यांनी आवाज टणक करून घेतला. मात्रा मोजायच्या, खुणा करायच्या, मग एकेक भोक. काही मिनिटांच्या रचनेला महिनेच्या महिने जात. हात लागला नाही असं कसं म्हणू? मला तर त्यात रियाजच दिसतो.

पुढे एका रचनेत त्यांनी दोन आवाजांच्या लयींचं दोन आणि दोनाचं वर्गमूळ असं प्रमाण घेतलं. हे दोन आवाज एका ठोक्यावर सोबत निघाले, तर पुन्हा कधीच एका ठोक्यावर येत नाहीत. आपल्या तालात असं चालणार नाही, आणि चालावं असंही मला वाटत नाही. पण लय एवढी लांब जाते हे एकदा कानानं अनुभवलं की साधा तीनतालही वेगळा ऐकू येतो.

कित्येक वर्षं त्यांचं नाव मोजक्यांनाच ठाऊक होतं. १९८० च्या सुमाराला संगीतकार लिगेती यांच्या हाती त्यांच्या ध्वनिमुद्रिका लागल्या आणि ते भारावून सगळ्यांना सांगत सुटले. १९८२ मध्ये अमेरिकेतली मानाची मॅकआर्थर फेलोशिप मिळाली तेव्हा नॅनकॅरो सत्तरीत होते.

सुरुवात एकविसाव्या 'स्टडी'पासून करा. खालचा आवाज संथ सुरू होऊन वाढत जातो, वरचा अतिद्रुत सुरू होऊन उतरत येतो. दोघं एकमेकांना ओलांडतात ती जागा पकडायला मला तीनदा ऐकावं लागलं. तुम्हाला कितव्यांदा सापडली ते कळवा.