तुम्ही विचारलंत म्हणून: दरडींचं शिकून करतेस काय?

लग्नाकार्यात पंगतीला बसलं की कुणीतरी विचारतंच, "जिऑलॉजीत बीएस्सी केलीस, ठीक. पण पुढे दोन वर्षं पूर आणि दरडी शिकायच्या म्हणजे काय? मुंबईत डोंगर आहेत कुठे?"

आहेत की. घाटकोपर, विक्रोळी, चेंबूर... उतारांवर घरावर घर चढलंय. 26 जुलै 2005 म्हटलं की आपल्याला मिठी नदी आणि सांताक्रूझचा 944 मिलिमीटर पाऊस आठवतो. त्याच दिवशी साकीनाक्याला दरडीखाली माणसं गाडली गेली, हे किती जणांच्या लक्षात आहे? पूर आणि दरड हे वेगळे विषय नाहीतच मुळी. पाणी तेच, खाली तुंबतं आणि वर मुरतं.

अभ्यासक्रमात नकाशे होते, पावसाची आकडेमोड होती, सॉफ्टवेअर होतं (ते मला आजही धड जमत नाही). डोक्यात बसली ती मात्र विक्रोळीच्या उतारावरची एक संरक्षक भिंत. आपला काळा कातळ टणक, पण त्याच्यावरची माती आणि मुरूम पाणी पीत राहतात. फार प्यायले की आतल्या पाण्याच्या दाबानं कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि उतार सरकतो. भिंतीमागे पाणी साठलं तर त्याचा रेटा वेगळाच. म्हणून भिंतीला ओळीनं भोकं ठेवतात. इथे निम्म्या भोकांत फडक्याचे बोळे, काहींत चक्क सिमेंट. भिंतीला लागूनच राहणाऱ्या मावशींना मी हे सगळं सांगितलं, अगदी पुस्तकातल्यासारखं. त्यांनी ऐकून घेतलं.

"अगं, ते गढूळ पाणी माझ्या पिठाच्या डब्यावर पडतं. तू येतेस का इथं राहायला?"

सर मागे उभे राहून हसत होते.

नोकरीचं म्हणाल तर भूजल सर्वेक्षण, बोगद्यांची कामं, सल्लागार कंपन्या, नाहीतर यूपीएससीची भूवैज्ञानिकांची परीक्षा. आयटीएवढा पगार नाही. आईला ते अजून खुपतं.

ऑगस्टात पुन्हा त्या भिंतीपाशी गेले, तर मावशींच्या घराकडच्या भोकातला बोळा गायब. आत प्लास्टिकचा पाइप खुपसून त्यांनी तो थेट गटारात सोडला होता. पाइपातून पाणी येत होतं, गढूळच. शेजारच्या चार भोकांत मात्र सिमेंट तसंच होतं.