समोरच्या इमारतीतला ब्लोअर

शनिवार, ३१ ऑगस्ट २०२४. सकाळी साडेनऊच्या सुमारास मी समोरच्या इमारतीच्या फाटकापाशी थांबलो होतो. रॅम्पवरून खाली पाहिलं तर एलटी पॅनलची, म्हणजे इमारतीच्या मुख्य वीज-पॅनलची, सगळी दारं उघडी होती आणि भाड्याच्या जनरेटरवर दोन ब्लोअर पॅनलमध्ये गरम हवा सोडत होते. तिथला मॅनेजर माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी लहान. मला पाहून हात वर करून म्हणाला, "काका, संध्याकाळपर्यंत लाइट चालू करून टाकतो." मी म्हटलं, "वा, छान," आणि माझ्या कामाला निघून गेलो.

हे दोन शब्द माझ्या डोक्यातून जात नाहीत.

मी बडोद्याच्या सयाजीगंजातल्या एका सात मजली व्यापारी इमारतीचा मॅनेजर आहे. बाहेरच्यांना वाटतं, मॅनेजर म्हणजे मेन्टेनन्स गोळा करणारा माणूस. खरं तर माझा निम्मा दिवस कान देण्यात जातो. फायर लाइनमधला दाब टिकवणारा जॉकी पंप दर दहा मिनिटांनी आपोआप चालू व्हायला लागला, तर कुठेतरी पाणी गळतंय हे तो पंपच सांगतो. लिफ्ट थांबताना घासल्यासारखा आवाज आला तर ब्रेकचं लायनिंग संपत आलंय. हे कुठल्या वर्गात शिकवत नाहीत. माझ्याआधीच्या मॅनेजरने थोडं सांगितलं, बाकीचं चुकत चुकत कळलं. आमच्या धंद्यातला प्रत्येक माणूस आपापल्या तळघरात एकटाच शिकत असतो.

शहरातल्या व्यापारी इमारतींच्या मॅनेजरांची संघटना आहे हे मला बरीच वर्षं माहीत होतं. दोनदा बोलावणं आलं, दोन्ही वेळा मी टाळलं. मग २५ मे २०२४ ला राजकोटच्या गेमझोनला आग लागली, लहान मुलांसकट माणसं गेली, आणि गुजरातभर फायर एनओसीच्या तपासण्या सुरू झाल्या. इमारतींना सील लागायला लागली. माझ्या हायड्रंटला प्रेशर होतं, पाइप होते, अलार्म वाजत होता, पण कशाची लेखी नोंद नव्हती. तपासायला आलेल्या माणसाला कागद लागतो. तेव्हा मी वर्गणी भरली. तिसऱ्या दिवशी फतेगंजकडच्या एका सभासदाने आपली पूर्ण फाइल माझ्या हातात ठेवली: महिन्याचं पंप-रजिस्टर, होज रीलची यादी, मॉक ड्रिलचे फोटो कसे लावायचे, सगळं. म्हणाला, "उतरवून घ्या, उद्या परत द्या." सल्लागाराने याच कामाचे भरपूर पैसे मागितले होते.

जुलैच्या बैठकीत ज्यांना सगळे काका म्हणतात, ते तळघरावर बोलले. ३१ जुलै २०१९ ला बडोद्यात एका दिवसात जवळजवळ २० इंच पाऊस पडला, तेव्हा त्यांच्या इमारतीचं तळघर छतापर्यंत भरलं होतं. फळ्यावर तळघर काढून त्यांनी पाणी कुठून येतं ते दाखवलं. "सगळे रॅम्पवर वाळूची पोती लावतात," ते म्हणाले. "पाणी रॅम्पवरून शेवटी येतं. आधी येतं ड्रेनेजच्या चेंबरमधून उलटं, आणि केबलच्या पाइपांतून." मग त्यांनी जे सांगितलं ते मी वहीत दोनदा अधोरेखित केलं. जमिनीतली पाण्याची टाकी रिकामी करायची नाही, काठोकाठ भरून ठेवायची, कारण बाहेरची जमीन पाण्याने फुगली की रिकामी टाकी खालून उचलली जाते. तळघर भरलंच, तर घाईने एका दिवसात उपसायचं नाही. बाहेरच्या ओल्या मातीचा दाब भिंतींवर आणि फरशीवर असतो, आतलं पाणी त्याला तोलून धरतं. रोज थोडं थोडं काढायचं. आणि पेट्रोल-डिझेलचा पंप तळघरात उतरवायचा नाही, त्याच्या धुराने माणूस मरतो.

२६ ऑगस्टला जन्माष्टमी होती आणि पाऊस थांबायला तयार नव्हता. मंगळवारी सकाळी विश्वामित्री नदीने २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, पुढे पाणी ३५ फुटांच्याही वर गेलं. मी सोमवारी रात्रीच इमारतीत मुक्कामाला गेलो होतो. दोन्ही लिफ्ट पाचव्या मजल्यावर नेऊन बंद केल्या. केबलच्या पाइपांची तोंडं गोणपाट आणि वॉटरप्रूफ सिमेंटने बुजवली. चेंबरच्या झाकणावर फळी आणि फळीवर पोती. फायर पंपाचा कंट्रोल पॅनल वायरमनने भिंतीवरून सोडवला, आम्ही दोघांनी तो पहिल्या मजल्यावर चढवला. टाकी भरली. पाणी रस्त्यावर असतानाच वीज कंपनीच्या माणसांना बोलावून सप्लाय बाहेरून तोडून घेतला. त्यासाठी मी शिव्या खाल्ल्या. तळमजल्यावरच्या औषधांच्या दुकानात फ्रिजमध्ये इन्सुलिन होतं. ते थर्मासमध्ये बर्फाशेजारी, बर्फाला लागू न देता ठेवून, दुकानदाराच्या मुलाबरोबर मी ओळखीच्या दवाखान्यात पाठवलं. गोठलं तर इन्सुलिन निकामी होतं, हेही मला संघटनेतल्याच एका इस्पितळाच्या मॅनेजरने फोनवर सांगितलं.

बुधवारी पाणी रॅम्पवरूनच आलं. साडेचार फूट. पॅनलचा खालचा भाग बुडाला. पण चेंबरमधून उलटं पाणी आलं नाही, म्हणजे गटाराची घाण आली नाही. पुढच्या आठवड्यात याचा अर्थ कळला: शेजारच्या तळघरांत माणसं नाकाला फडकं बांधून गाळ काढत होती, आमच्याकडे नुसती माती होती.

गुरुवारी रात्री संघटनेच्या ग्रुपवर काकांचा निरोप आला. पुराच्या पाण्यात बुडालेले एमसीसीबी, म्हणजे पॅनलमधले मोठे ब्रेकर, वाळवून परत वापरू नका, बदलाच. बाहेरून कोरडे दिसतात, आत स्प्रिंगमध्ये आणि कॉन्टॅक्टवर गाळ बसलेला असतो, शॉर्ट झालं तर ट्रिप होणार नाहीत. बसबार, म्हणजे पॅनलमधल्या धातूच्या पट्ट्या, धुऊन, वाळवून चालतील. केबलचं इन्सुलेशन मेगरने मोजा, रीडिंग लिहून ठेवा, मगच पुढे. खाली आणखी एका सभासदाने कोणाकडे किती रेटिंगचे एमसीसीबी शिल्लक आहेत त्याची यादी टाकली होती. शहरात त्या आठवड्यात एमसीसीबी मिळत नव्हते. मला सहा हवे होते, चार संघटनेतूनच मिळाले.

माझ्या कमिटीला हे पटवणं सोपं नव्हतं. "समोरच्यांची लाइट आज येतेय, आपली का नाही?" असं शनिवारी दुपारी मला तिघांनी विचारलं. मी काकांचा निरोप छापून टेबलावर ठेवला. माझ्या एकट्याच्या शब्दाला तिथे वजन नव्हतं, चाळीस इमारतींच्या अनुभवाला होतं. आमची लाइट ४ सप्टेंबरला आली.

समोरची लाइट त्या शनिवारीच संध्याकाळी, सहाच्या सुमारास, चालू केली गेली. मी आमच्या रॅम्पवर होतो. मोठा सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज झाला, मग रबर जळल्याचा वास. त्यांचा वायरमन पॅनलसमोर उभा होता. दोन्ही हात आणि चेहऱ्याची एक बाजू भाजली. मी आणि आमचा वॉचमन धावलो, माझ्या गाडीतून त्याला नेलं. तो सबंध रस्ता हात पुढे धरून बसला होता, कशालाही टेकू न देता. एकदाच म्हणाला, "साहेब, घरे फोन ना करता." माणूस वाचला. उजव्या हाताची दोन बोटं अजून पूर्ण मिटत नाहीत.

काकांचा निरोप त्या सकाळी माझ्या खिशातल्या फोनमध्ये होता. मी का बोललो नाही, याची कारणं मी स्वतःला बरीच सांगून पाहिली. घाई होती. दुसऱ्याच्या इमारतीत न विचारता सल्ला देऊ नये. त्याचा इलेक्ट्रिकल काँट्रॅक्टर जाणता असेल. पण खरं कारण मला माहीत आहे. समोरचा मॅनेजर संघटनेत नव्हता, आणि ग्रुपवरची माहिती ही आमची, वर्गणी भरणाऱ्यांची, असं माझ्या मनात तीन महिन्यांतच बसलं होतं. मी स्वतः इतकी वर्षं बाहेर राहिलेला माणूस.

सप्टेंबरच्या बैठकीत मी सगळं सांगितलं आणि ठराव मांडला: आग, पाणी, वीज आणि लिफ्ट या चार बाबतींतले निरोप सभासद असोत-नसोत, सगळ्या इमारतींना जावेत. विरोध झाला. खजिनदार म्हणाले, मेगर, पंप, प्रशिक्षणाचा खर्च वर्गणीतून येतो, सगळं फुकट मिळालं तर वर्गणी कोण भरेल? त्यांचं म्हणणं खोटं नाही, संघटनेचे ते पंप नसते तर माझं तळघर दहा दिवस भरलेलं राहिलं असतं. त्यावर एका तरुण सभासदाने अमेरिकेतल्या इमारत मालक आणि मॅनेजरांच्या संघटनेचं उदाहरण दिलं. ती १९०७ ची. ऑफिसची जागा कशी मोजायची याचं तिचं प्रमाण १९१५ मध्ये निघालं आणि सभासद नसलेलेही ते वापरत आले, तरी संघटना टिकली. ठराव पुढच्या बैठकीवर गेला. काकांनी मला बाहेर बोलावून म्हटलं, "ठराव होईल तेव्हा होईल. तू कागद काढ, झेरॉक्सचे पैसे मी देतो."

मी एका पानावर मराठी आणि दुसऱ्यावर गुजरातीत लिहून काढलं. पहिली प्रत घेऊन समोर गेलो. तिथल्या मॅनेजरने उभ्याउभ्याच वाचलं. एमसीसीबीच्या ओळीवर थांबला.

"हे तुम्हाला कधी कळलं होतं, काका?"

"गुरुवारी रात्री," मी म्हटलं.

तो बराच वेळ काही बोलला नाही. कागदाची घडी करून त्याने खिशात ठेवली. मग म्हणाला, "जनरेटरचा एएमएफ पॅनलपण पाण्यात होता. त्यातलंही बदलायचं का?"

"दाखव," मी म्हटलं, आणि आम्ही रॅम्प उतरलो.