आत्याची कुडी

"काळ्या-पांढऱ्यात नको गं बाई, मग हार घालायचाच तेवढा बाकी राहील," चित्रासाठी खुर्चीत बसायच्या आधीच आत्याने बजावलं. तिचं चुकत नव्हतं. आपल्याकडे भिंतीवर काळा-पांढरा चेहरा लागला की पाठोपाठ उदबत्तीचं घर येतंच. म्हणून आयव्हरी ब्लॅक या काळ्या तैलरंगाची ट्यूब बाजूला ठेवली आणि तपकिरी बर्न्ट अंबर काढला. मला तसाही तोच बरा वाटतो. त्यात मँगनीज असतं, त्यामुळे तो लवकर वाळतो; काळा मात्र दिवसेंदिवस ओलाच. शिवाय पांढरा मिसळला की काळा निळसर पडतो आणि धडधाकट माणूस आजारी दिसायला लागतं.

एका रंगात काढायचं म्हणजे सोपं, असं बघणाऱ्यांना वाटतं. फ्रान्स हाल्स या जुन्या डच चित्रकाराकडे काळ्याच्या निदान 27 छटा आहेत, असं व्हॅन गॉगने 1885 मध्ये भावाला लिहिलं होतं. मला तपकिरीच्या चार-पाच पायऱ्या धड जमल्या तरी मी भरून पावते.

डोळे किलकिले करून पाहिलं की आत्याचं नाक, ओठ, सुरकुत्या सगळं विरघळतं. उरतो खिडकीतून आलेला उजेड आणि भुवईपासून मानेपर्यंत उतरलेली एकसंध सावली. आत्या ओळखू येते ती त्या सावलीच्या आकारावरून. पापण्या कितीही कोरल्या तरी त्याने साम्य येत नाही. ती सावली रुंद, चपट्या ब्रशने, रंगाची कंजुषी न करता एका फटकाऱ्यात टाकायची आणि हात मागे घ्यायचा. अवघड आहे ते हे हात मागे घेणं. पुन्हा पुन्हा ब्रश फिरवला की ओला रंग एकमेकांत कालवतो आणि चेहऱ्याची हाडंच नाहीशी होतात. गालावरचा उजेड तर मी रंगवलाच नाही, चिंधीने रंग पुसून खालचा पांढरा कॅनव्हास उघडा केला.

"जरा उजळ काढ हं," मध्येच फर्माईश.

"खिडकीकडे वळ, होशील उजळ."

एका रंगाचा हा फायदा मला भारी वाटतो. गोरं-सावळं ठरतं ते खिडकीपासून किती लांब बसलात त्यावर.

चित्र झाल्यावर आत्या अगदी नाक टेकवून बघायला लागली. "हे नुसते फराटे आहेत." चार पावलं मागे गेली, तेव्हा जरा निवळली. मग म्हणाली, "एक कान राहिलाय."

"सावलीत गेलाय तो."

"मग माझी कुडी? मुद्दाम मोत्याच्या घातल्यात."

सावलीत पांढऱ्याचा एक जाड ठिपका ठेवला. कान नाहीच, नुसती कुडी. आत्याला मात्र तो कान आता दिसतो म्हणे.