लवंगीची नोंद: पळवणं कमी केलं, उकरणं वाढवलं

आमची कुत्री लवंगी चौदा महिन्यांची झाली. जॅक रसेल टेरियर, वजन 5 किलो 800 ग्रॅम. मार्चपर्यंत आमचा रोजचा नेम होता: सकाळी सहाला पुण्यातली वेताळ टेकडी, पाच किलोमीटर पळणं. तरी संध्याकाळी उशीचा कापूस घरभर. मग मी सात किलोमीटर केले. पंधरा दिवसांत तिला सातही पुरेनात. रोज पळवून मी तिचा दम वाढवत होतो, दुसरं काही नाही.

आई एकदा म्हणाली, "अरे, तिला दमवतोस कशाला? काम दे काहीतरी." आईने कुत्र्यांवरचं एक पान वाचलेलं नाही, पण दुखणं तिनेच ओळखलं. ही जात उभी राहिली ती इंग्लंडात, डेव्हनच्या जॉन रसेल या पाद्रीबुवांमुळे. 1819 मध्ये ऑक्सफर्डला शिकत असताना त्यांनी एका दूधवाल्याकडून ट्रम्प नावाची टेरियर मादी घेतली आणि तिच्यापासून वंश वाढवला. काम एकच, बिळात शिरून कोल्ह्याला बाहेर काढणं. म्हणजे नाक, पंजे आणि स्वतःच्या डोक्याने निर्णय. आपण मात्र तिला डांबरी रस्त्यावर सरळ रेषेत पळवतो.

म्हणून गॅलरीत मोठा टब ठेवला आणि त्यात सहा घमेली चाळलेली वाळू भरली. वर थोडं पाणी शिंपडतो, नाहीतर धूळ थेट नाकात जाते. रबरी खेळण्यात उकडलेलं चिकन भरून ते खोल पुरायचं आणि "शोध" म्हणायचं. पहिल्या दिवशी तिने नुसती वाळू उडवली. चौथ्या दिवशी मात्र कडेने हळू फिरली, एका जागी नाक टेकवून फुर्रकन श्वास सोडला आणि बरोबर तिथेच पंजे चालवले. वीस मिनिटं हे काम केलं की बाई पंख्याखाली आडव्या. सात किलोमीटरनंतर हे कधी दिसलं नव्हतं. टब रात्री झाकून ठेवा, मांजरं येतात.

आता बोलावण्याबद्दल. घरात सगळेच दिवसभर "ये, ये" करतात, त्यामुळे तो शब्द तिच्यासाठी झिजून गेला होता. नवी खूण ठरवली: दोन आखूड शिट्ट्या, आणि आल्यावर दर वेळी हरभऱ्याएवढा कलेजीचा तुकडा. आधी घर, मग पार्किंग, मग टेकडी. दोर 10 मीटरचा, तोही हार्नेसला, म्हणजे छातीभोवती बसणाऱ्या पट्ट्याला. लांब दोर गळ्यातल्या पट्ट्याला बांधला की मानेला जोरात हिसका बसतो.

तिसऱ्या आठवड्यात पार्किंगमध्ये दहापैकी नऊ वेळा आली, म्हणून टेकडीवर दोर सोडला. ही घाई झाली. मोर ओरडला आणि ती झाडीत गुडूप. पंचवीस मिनिटं मी शिट्ट्या वाजवत फिरलो, पोटात गोळा आला होता. परत आली ती घाणेरीने ओरबाडलेली, अंगावर अकरा गोचिड. रागावलो नाही, कलेजी दिली. परत आल्यावर ओरडा मिळाला तर पुढच्या वेळी ती का येईल? गोचिडांतून बबेसिया, एर्लिकिया असे रक्ताचे आजार होतात, म्हणून आता टेकडीवरून आलो की कानामागे, काखेत, बोटांच्या बेचक्यांत बोटं फिरवून पाहतो. आणि दोर सुटत नाही. ती जागा मोरांची आहे.

त्या दिवसापासून तिच्याकडे नीट बघायला लागलो. पळायच्या आधी ती थिजते. शेपटी ताठ, पुढचा एक पंजा अधांतरी, कान पुढे. जेमतेम अर्धा सेकंद. शिट्टी तेव्हाच वाजवायची, एकदा धाव सुरू झाली की कान बंद. हे कळल्यावर टेकडीवरचं यश दहापैकी तीनवरून सातवर आलं.

मे महिन्यात सातच्या आत घरी यायचं. उलटा तळहात डांबरावर सात सेकंद ठेववत नसेल, तर तिचे पंजेही भाजतात. अजून एक काळजी आहे: चालताना मधेच मागचा डावा पाय उचलून दोन-तीन पावलं लंगडी घालते, मग पुन्हा नीट. लहान टेरियरमध्ये गुडघ्याची वाटी सरकते, म्हणून शनिवारी डॉक्टरांकडे नेतोय. तोवर उड्यांचे खेळ बंद. वाळू आणि वास घेत सावकाश चालणं, एवढंच.